प्रतीक्षायादीतले पत्र आणि घरातला आकडा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, वडोदरा येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर मुख्याध्यापिका उभी राहिली की ती शाळेचा इतिहास सांगणार, असे श्रोते गृहीत धरतात. तो इतिहास माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझ्याहून अधिक अधिकाराने सांगितला आहे. म्हणून मी आज एका पत्राविषयी बोलणार आहे. ते पत्र जेमतेम एक पान भरते. पण ते लिहिण्याची वेळ येते तेव्हा साऱ्या घराची परीक्षा होते.

गेल्या काही वर्षांत मार्च संपत आला की माझ्या कार्यालयात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. कधी आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुले येतात, कधी पुण्याहून किंवा अहमदाबादहून एखादा माजी विद्यार्थी आपल्या मुलासाठी दूरध्वनी करतो. अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयाचे उत्तर आलेले असते. प्रवेश दिलेला नसतो, नाकारलेलाही नसतो. नाव प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवलेले असते. पालक विचारतात, "बाई, आता काय करायचे? तिथे कोणाची ओळख निघेल का?"

हा प्रश्न आपल्याकडच्या अनुभवातून येतो. आपल्याला प्रतीक्षायादी ठाऊक आहे ती रेल्वेची. पुढच्या माणसाने तिकीट रद्द केले की आपला क्रमांक सरकतो. आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशफेऱ्याही गुणानुक्रमाने चालतात. तिथे कितीही सुंदर पत्र लिहिले तरी क्रमांक हलत नाही. त्यामुळे ज्या यादीत पत्राला किंमत आहे, तिथे वशिल्यालाही किंमत असणार, असा आपला समज होतो. तो समज आधी दूर करू या.

अमेरिकेतील महाविद्यालये जागांपेक्षा अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ करतात, कारण त्यांतले बरेच जण दुसरीकडे जाणार हे त्यांना माहीत असते. प्रवेश मिळालेल्यांनी साधारणपणे १ मेपर्यंत होकार कळवून अनामत रक्कम भरायची असते. ती तारीख उलटली की महाविद्यालयाला कळते, किती जागा रिकाम्या राहिल्या आणि कोणत्या. मग ते प्रतीक्षायादीकडे वळते. पुष्कळ ठिकाणी या यादीला क्रमांकच नसतो. एखाद्या वर्षी भौतिकशास्त्राकडे कल असणारे विद्यार्थी कमी पडलेले असतात, एखाद्या वर्षी विशिष्ट प्रदेशातले. त्याप्रमाणे निवड होते. हे काम जूनभर, क्वचित जुलैतही चालते. त्या वेळी निवड करणाऱ्यांसमोर एक व्यवहारी प्रश्न असतो : आज आपण या विद्यार्थ्याला जागा देऊ केली, तर तो खरोखर येईल का? यादीतल्या विद्यार्थ्याने लिहायचे पत्र हे या प्रश्नाचे उत्तर असते. त्यात वशिला नाही आणि विनवणीही नाही. 'माझी इच्छा कायम आहे' एवढे सांगणारा तो एक जबाबदार शब्द आहे.

अडचण येते ती या शब्दाला पैसा जोडलेला असतो म्हणून. तिथल्या अनेक खाजगी महाविद्यालयांत शिकवणी, निवास आणि भोजन मिळून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे सुमारे ७० लाख रुपये. परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची आर्थिक स्थिती मुळीच न पाहणाऱ्या संस्था थोड्या आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यांतली ठळक नावे. बाकीच्या बहुसंख्य ठिकाणी, किती साहाय्य लागणार याचा विचार निवडीत होतो. प्रतीक्षायादीची वेळ येईपर्यंत साहाय्याचा निधी पुष्कळदा संपत आलेला असतो. आणखी एक नियम अनेक ठिकाणी आहे : परदेशी विद्यार्थ्याने पहिल्या अर्जात साहाय्य मागितले नसेल, तर पुढे शिक्षण संपेपर्यंत त्याला ते मागता येत नाही.

हे कळले की एक मोह होतो. 'आम्हाला पैशांची अडचण नाही' असे एक वाक्य पत्रात घालावे, म्हणजे दार उघडेल. या मोहाविषयी मी अधिकाराने बोलू शकते, कारण मी स्वतः त्याला बळी पडले आहे. तेही दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला एक हुशार विद्यार्थी अशाच यादीत होता. कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने मूळ अर्जात साहाय्य मागितले नव्हते. यादीत नाव आल्यावर पत्राचा मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला. शेवटच्या परिच्छेदात त्याने लिहिले होते की, घरची परिस्थिती बेताची आहे आणि खर्चाची पूर्ण तरतूद अजून झालेली नाही. मी तो परिच्छेद लाल शाईने खोडला. म्हणाले, "पैशाचे आत्ता कशाला? आधी प्रवेश तर मिळू दे. पुढचे पुढे बघता येईल." पत्र गेले. जूनच्या अखेरीस प्रवेश मिळाला. उत्तर द्यायला मोजके दिवस होते. घरात आनंद होता, पेढे वाटले गेले. त्या गडबडीत चार वर्षांचा हिशेब कोणी मांडलाच नाही. वडिलांनी राहते घर तारण ठेवून पहिल्या वर्षाचे पैसे उभे केले. दुसऱ्या वर्षासाठी त्याने साहाय्य मागितले, तेव्हा तो नियम पुढे आला. महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. तेवढे तो करत होता. त्यातून हातखर्च निघतो, शिक्षण निघत नाही. वर्ष संपले आणि तो परत आला. शिक्षण अर्धवट राहिले आणि घरावरचे कर्ज तसेच उभे राहिले.

त्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी मला कधी दोष दिला नाही. पण मी खोडलेला तो परिच्छेद त्या पत्रातला सर्वांत खरा परिच्छेद होता, हे मी विसरलेले नाही. तो राहिला असता तर कदाचित प्रवेश मिळाला नसता. मात्र ते घर कर्जातून वाचले असते.

मग पैशाची खात्री नसेल तर इच्छाच सोडून द्यावी का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले आणि तिथे अर्थशास्त्राच्या पुढील अभ्यासाला त्यांनी आरंभ केला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार त्यांना बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी परत यावे लागले. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवली. पैसा हाती नव्हता, तरी जागेवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. आणि जी गोष्ट आपल्या शहराने मान खाली घालून आठवावी अशी आहे, तीही सांगते : जातीमुळे त्यांना इथे राहायला जागा मिळाली नाही. आज आपण ज्या स्थानाला संकल्पभूमी म्हणतो, ते त्या दिवसांचे स्मारक आहे. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जोड देऊन १९२० साली, म्हणजे मुदतीच्या आत, ते लंडनला परतले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली.

बाबासाहेबांनी सोसले ते कोणाही विद्यार्थ्याने सोसावे, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या त्या चार वर्षांतून मी फक्त एक व्यवहार शिकते. इच्छा कायम आहे हे योग्य ठिकाणी, मुदतीसह नोंदवून ठेवावे आणि पैशाची जुळवाजुळव वेगळ्या वहीत, खऱ्या आकड्यांनी करावी. एकीची कमतरता दुसरीने झाकू नये.

आता ते पत्र कसे लिहावे, हे सांगते. सर्वांत आधी महाविद्यालयाची सूचना नीट वाचावी. काही ठिकाणी यादीत राहण्यासाठी वेगळी संमती कळवावी लागते. ती न कळवल्यास नाव आपोआप गळते. काही महाविद्यालये असे पत्र मागतात, काही ते पाठवू नका असे स्पष्ट सांगतात. नको म्हटले असेल तर पाठवू नये. दुसरे, १ मेपूर्वी जिथे प्रवेश मिळाला आहे आणि जिथला खर्च झेपणार आहे, अशा एका ठिकाणची जागा पक्की करावी, मग ते ठिकाण परदेशात असो वा आपल्या देशात. पुढे यादीतून बोलावणे आले तर भरलेली अनामत बहुधा परत मिळत नाही, हे धरून चालावे.

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे आणि ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावे. सुरुवातीला यादीत ठेवल्याबद्दल आभार आणि इच्छा कायम असल्याचे एक वाक्य. मग अर्ज केल्यानंतर घडलेले नवे काही : बारावीचा निकाल, पूर्ण झालेला एखादा प्रकल्प, घरातली किंवा समाजातली एखादी नवी जबाबदारी. मूळ अर्जातलेच पुन्हा सांगू नये. त्यानंतर त्याच महाविद्यालयात काय शिकायचे आहे, ते नेमकेपणाने. जे वर्णन कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडेल ते वगळावे. 'तुम्ही माझी पहिली पसंती आहात' हे वाक्य एकाच महाविद्यालयाला लिहावे आणि खरे असेल तरच लिहावे. दर आठवड्याला स्मरणपत्रे पाठवू नयेत.

आणि पैशाचे वाक्य. ते रडगाण्यासारखे नको आणि बढाईसारखेही नको. अट जशी सांगतात तसे, शांतपणे सांगावे. इंग्रजीत त्याचा आशय असा असावा : "माझ्या मूळ अर्जात मी अर्थसाहाय्य मागितले होते आणि आमची गरज बदललेली नाही. आमचे कुटुंब दरवर्षी अमुक इतकी रक्कम देऊ शकते. उरलेल्या खर्चासाठी साहाय्य मिळाल्यास मी प्रवेश निश्चितपणे स्वीकारेन." या वाक्याने संधी कमी होऊ शकते, हे मी लपवणार नाही. पण 'निश्चितपणे येईन' हे वचन आहे आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आयुष्यात प्रथमच लेखी दिलेले वचन आपल्याला पाळता येईल असे असावे. याबरोबरच अर्थसाहाय्य विभागाला वेगळे पत्र पाठवून तीन गोष्टी विचाराव्यात : यादीतून घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी निधी शिल्लक असतो का, आमचा आधीचा अर्ज चालेल की नवी कागदपत्रे हवीत, आणि बोलावणे आल्यास उत्तर द्यायला किती दिवस मिळतील? विचारण्यात कमीपणा नाही.

पण त्या वाक्यातला 'अमुक इतकी रक्कम' हा आकडा आणायचा कोठून? पालकहो, इथे मला तुमच्याशी थेट बोलायचे आहे.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी असेच पत्र घेऊन माझ्याकडे आली. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला, आई घरी शिवणकाम करते. तिने मूळ अर्जात साहाय्य मागितले होते. आता मात्र मसुद्यात लिहिले होते की, घरच्यांनी सगळी तरतूद केली आहे. मी विचारले, "हे वाक्य बाबांनी वाचले आहे का?" ती गप्प राहिली. मग विचारले, "बाबा वर्षाला किती देऊ शकतील?" तिला माहीत नव्हते. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलीला आपल्या घराचा एक आकडा माहीत नव्हता.

दोष तिचा नाही. आपल्या मराठी घरांत मुलांसमोर पैशाविषयी बोलत नाहीत. 'तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघतो' हे आपण मायेने म्हणतो. मुले ते दोन प्रकारे ऐकतात. काहींना वाटते, घरात पुष्कळ आहे. काहींना वाटते, घरात काहीच नाही आणि आपण मागणे हा गुन्हा आहे. दोन्ही मुले खोटे पत्र लिहितात : एक अज्ञानाने, दुसरे भीतीने.

मी तिच्या आईवडिलांना बोलावले. त्याच टेबलावर आम्ही चौघांनी हिशेब मांडला. वर्षाच्या मिळकतीतून घरखर्च वजा जाता काय उरते. साठवलेले किती. कर्ज किती मिळेल, शिकत असताना त्यावर व्याज कसे साचत जाईल, पुढे हप्ता किती बसेल. फी दरवर्षी वाढते आणि ती डॉलरमध्ये असते, तेव्हा रुपया घसरला तर काय. शिवाय विमानभाडे, आरोग्यविमा, व्हिसाचा खर्च. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे कागद मिळवताना पहिल्या एका वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते; त्यामुळे अनेक घरांत एकाच वर्षाचा विचार होतो आणि उरलेली तीन वर्षे नशिबावर सोडली जातात. म्हणून आम्ही सगळ्या बेरजा चार वर्षांच्या केल्या. शेवटी ज्यांना हात लावायचा नाही अशा गोष्टींची यादी केली : राहते घर, आजीच्या औषधपाण्याचा पैसा, धाकट्या भावाचे शिक्षण.

आकडा निघाला. तो लहान होता. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हा आकडा सांगितला तर ती स्वप्न बघायचे सोडून देईल, म्हणून मी कधी सांगितला नाही." मुलगी म्हणाली, "बाबा, मला वाटत होते याहूनही कमी असेल."

तिने पत्र पुन्हा लिहिले. आकड्यासकट. पाठवण्यापूर्वी आईला ते मराठीत समजावून सांगितले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले : यादी बंद झाली आहे, यंदा जागा देता येत नाही. ती रडली, मीही तिला काही समजुतीचे बोलू शकले नाही. आज ती आपल्याच शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा प्रयत्न करायचा तिचा विचार आहे. जमेल की नाही, मला माहीत नाही. घरच्या हिशेबाची वही आता तीच लिहिते, एवढे मात्र तिच्या आईने मला सांगितले.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. हीरक महोत्सवानिमित्त तुम्ही शाळेला देणग्या दिल्यात. शाळा त्यांबद्दल कृतज्ञ आहे. तुमच्यापैकी काही जण बँकेत आहेत, काहींनी स्वतः शैक्षणिक कर्ज फेडले आहे, काहींची मुले परदेशात शिकून आली आहेत. वर्षातून एक दिवस शाळेत येऊन बसा. एखाद्या कुटुंबाबरोबर कर्जाचे कागद वाचा, चार वर्षांची बेरीज करून द्या. देणगीची पावती आम्ही देऊ शकतो. या कामाची देता येणार नाही. तरीही या.

आणि पालकांना एवढेच सांगते. साहाय्याचे अर्ज भरण्याचा काळ ऑक्टोबरपासून सुरू होतो. मार्चमध्ये आकडा शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो. आपल्या शहरात दिवाळीला चोपडापूजन होते. दुकानदार नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि जुन्या वर्षाचा हिशेब मिटवतो. या दिवाळीत आपापल्या घरात एक वही उघडा आणि नववी-दहावीतल्या मुलाला शेजारी बसवा. आकडा लहान असेल तर लहान सांगा. प्रतीक्षायादीतून पुढे कधी बोलावणे येईल किंवा येणार नाही. पण आपल्या मुलाला जे पत्र लिहावे लागेल, त्यातले एकही वाक्य त्याला आपल्यापासून लपवावे लागू नये.